आठ सेकंदच का? मंदिराच्या एलईडी फलकाविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या गावांनी मजकूर बदलणाऱ्या फलकांवर घातलेल्या बंधनांचं मी समर्थन केलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचे आक्षेप तीन आहेत. फलकावर एकच मजकूर किमान आठ सेकंद ठेवण्याची अट मनमानी आहे. रात्रीच्या प्रकाशाची मर्यादा मोठ्या फलकांना मारक आहे. आणि पेट्रोल पंपाला दर हवे तेव्हा बदलता येतात, मंदिराला मात्र सत्संगाची वेळ दाखवतानाही नियम, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. पहिले दोन मला मान्य नाहीत. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यावर तुम्ही मागताय तो उपाय चुकीचा आहे.

आठचा आकडा अनेक गावांनी फेडरल हायवे प्रशासनाच्या (अमेरिकी केंद्र सरकारच्या महामार्ग खात्याच्या) 2007 च्या मार्गदर्शक पत्रातून उचलला. त्यात 4 ते 10 सेकंदांचा पल्ला दिला असून 8 ची शिफारस आहे. एका मजकुरातून दुसऱ्यात जायला 1 ते 2 सेकंद. हे पत्र महामार्गालगतच्या, दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवणाऱ्या फलकांसाठी आहे. स्वतःच्या आवारात स्वतःचेच कार्यक्रम दाखवणाऱ्या मंदिराला ते लागू नाही. तुमच्या गावाने तो आकडा आपणहून स्वीकारला आहे, त्यामुळे त्यावर गावाच्या सुनावणीत बोलायला जागा आहे. फक्त गणित समजून बोला.

ताशी 45 मैल म्हणजे सेकंदाला 66 फूट. फलक 500 फुटांवरून दिसत असेल तर चालकाला तो साडेसात सेकंद दिसतो. म्हणजे आठ सेकंदांच्या अटीमुळे एका चालकासमोर मजकूर फार तर एकदा बदलतो. बदलाकडे नजर जाणं टाळता येत नाही, म्हणून बदलांची संख्याच कमी ठेवायची. तुम्ही लिहिलंत, "आमच्या रस्त्यावर वेगमर्यादा 25 ची आहे, मग एवढी कडक अट कशाला?" हा मुद्दा सुनावणीत मांडू नका, तो तुमच्यावरच उलटेल. ताशी 25 मैलांना तेच 500 फूट कापायला साडेतेरा सेकंद लागतात, म्हणजे संथ रस्त्यावर अट वाढायला हवी! त्यापेक्षा टेप घेऊन फलक प्रत्यक्ष किती फुटांवरून दिसतो ते मोजा. वळण किंवा झाडांमुळे तो 200 फुटांवरूनच दिसत असेल, तर साडेपाच सेकंदच मिळतात आणि गावाने उद्या 30 सेकंद मागितले तर हा आकडा तुमच्या बाजूने बोलेल.

एक वाक्य दोन-तीन पडद्यांवर तोडून दाखवू नका. पुढचा तुकडा वाचण्यासाठी चालक मान वळवून वाट पाहत राहतो आणि धोका नेमका तिथे आहे. अक्षरांच्या उंचीच्या दर इंचाला 30 फूट हा वाचनीयतेचा ढोबळ हिशोब धरा: 10 इंची अक्षर 300 फुटांवरून वाचता येतं. त्यात मावेल तेवढाच मजकूर ठेवा.

आता प्रकाश. फलकामुळे आसपासच्या उजेडात 0.3 फूट-कँडलपेक्षा (फूट-कँडल म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजण्याचं एकक) जास्त भर पडू नये, असा नियम पुष्कळ गावांत आहे. मोठ्या फलकाला ही मर्यादा आधी गाठावी लागते, असं तुम्ही म्हणता. तसं होत नाही, कारण मोजण्याचं अंतर फलकाबरोबर वाढतं. क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यायचं, 100 ने गुणायचं, वर्गमूळ काढायचं; तेवढ्या फुटांवरून मोजायचं. 32 चौरस फुटांच्या फलकासाठी साधारण 57 फूट, 100 साठी बरोबर 100 फूट. क्षेत्रफळ आणि अंतराच्या वर्गाचं प्रमाण कायम एकास शंभर राहतं, त्यामुळे आकार कोणताही असो, पूर्ण पांढऱ्या पडद्यावर मर्यादा सुमारे 320 निट्सवरच (निट म्हणजे पडद्याच्या स्वतःच्या तेजाचं एकक) येते. दिवसा उन्हात हेच बोर्ड 5,000 निट्सपर्यंत चालवतात, यावरून रात्री किती मंद करावं लागतं ते कळेल.

मोजणी अंधार पडल्यावर करायची: आधी फलक काळा ठेवून, मग पूर्ण पांढरा करून, आणि दोन्हींतला फरक घ्यायचा. उजेड मोजणारा मीटर फूट-कँडलच्या शंभराव्या भागापर्यंत वाचणारा हवा. तक्रारी बहुधा लाइट सेन्सरमुळे येतात. त्यावर धूळ बसते, वायर सुटते, किंवा शेजारच्या पार्किंगचा दिवा थेट त्यावर पडून त्याला दिवसच वाटतो. सेन्सर बंद पडला तर बोर्ड आपोआप रात्रीच्या पातळीवर उतरेल, अशी सेटिंग पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि गणेशोत्सवाचं पांढऱ्या पार्श्वभूमीचं पोस्टर जसंच्या तसं लावू नका. काळ्यावर पिवळी अक्षरं त्याच्या तुलनेत फारच थोडा उजेड फेकतात.

तिसरा मुद्दा. 2015 साली ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाविरुद्ध एका चर्चने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला. तिथे राजकीय फलकाला 32 चौरस फूट आणि चर्चचा पत्ता सांगणाऱ्याला 6, असा मजकुरावरून भेद होता. पण त्याच निकालातल्या न्यायमूर्ती अलिटो यांच्या सहमतीच्या मतात (निकालाशी सहमत राहून वेगळं लिहिलेल्या मतात), स्थिर आणि बदलत्या इलेक्ट्रॉनिक फलकांत भेद करणारे नियम चालू शकतात असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याआधी 2008 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड शहराने अशा फलकांवर घातलेली सरसकट बंदीसुद्धा अपील न्यायालयाने ग्राह्य धरली होती. तेव्हा "मंदिराला सूट द्या" ही मागणी करू नका, ती स्वतःच मजकुरावर आधारलेली आहे. पेट्रोलच्या दरांची सूट काढून सर्वांना एकच सेकंद आणि एकच प्रकाश लावा, असं म्हणा. शिवाय व्यापारी मजकुराला जिथे परवानगी आहे तिथे बिगरव्यापारी मजकूरही चालेल, हे कलम नियमावलीत आहे का ते पाहा. नसेल तर मागा.

अर्जासोबत जागेचा नकाशा, विजेचा आराखडा, डिमिंगचं (फलक आपोआप मंद होण्याचं) उत्पादकाचं प्रमाणपत्र आणि मोजलेल्या अंतराचा तक्ता जोडा. अक्षरं हाताने बदलण्याचा जुना बोर्ड काढून त्याच खांबावर एलईडी लावणार असाल, तर अनेक गावांत तो नवा फलक धरतात आणि सीमेपासूनचं अंतर व उंची आजच्या नियमाने तपासतात. त्यामुळे बोर्डाची ऑर्डर देण्याआधी झोनिंग अधिकाऱ्याकडून (जागेच्या वापराचे नियम पाहणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याकडून) हे लेखी घ्या.