पोच द्या, एवढंच म्हणालो होतो

तीन रात्री झोप नाही. कालपासून तर पडल्या पडल्या डोळ्यांसमोर तो शिक्का येतो. निळ्या पॅडवर ठेवलेला, लाकडी मुठीचा, माझ्यापासून दोन हातांवर. आणि तो माझ्या कागदावर मारायला नकार देणारा माणूस.

आधी काय झालं ते सांगतो, थोडक्यात, कारण नवीन काही नाही. तुमच्याही घरात कुणाच्या तरी बाबतीत हे झालेलं आहे.

माझा पुतण्या एकवीस वर्षांचा. एमआयडीसीत अप्रेंटिस. सेकंड शिफ्ट सुटली की साडेबाराच्या सुमाराला बाइकवरून घरी येतो. शनिवारी रात्री चौकात नाकाबंदी होती. थांबवलं, थांबला. हेल्मेट काढून हातात घेतलं, गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये उघडून दाखवले. ‘मोबाइल नको दाखवूस, ओरिजिनल काढ.’ पोरगा म्हणाला, ‘डिजिलॉकर चालतं ना साहेब.’ झालं. त्या एका ‘ना’साठी डाव्या कानावर अशी बसली की पोरगा गाडीसकट आडवा झाला. वर आईवरून शिव्या. ‘आम्हाला कायदा शिकवतो?’ चावी काढून घेतली, ठाण्यात नेलं, पहाटे चारपर्यंत बाकावर बसवलं आणि ‘घरी काही बोलायचं नाही’ अशी तंबी देऊन सोडलं. चलन नाही, पावती नाही, डायरीत नोंद नाही. कागदावर पाहिलं तर माझा पुतण्या त्या रात्री ठाण्यात गेलेलाच नाही.

मारणाऱ्याचं नाव? माहीत नाही. रेनकोट होता अंगावर, नावाची पट्टी आत.

रविवारी कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्याला भोक. मग सर्टिफिकेटसाठी सरकारी दवाखान्यात गेलो, तर तिथे उत्तर मिळालं, ‘मारहाणीची केस आहे, पोलिसांची यादी आणा.’ यादी म्हणजे याला तपासा असं पोलिसांनी दवाखान्याला द्यायचं पत्र. अहो, ज्यांनी मारलं त्यांच्याकडूनच यादी आणू? तिथल्या बाईंचा दोष नाही, त्यांना जे सांगून ठेवलंय ते त्या सांगतात. पण दवाखान्याच्या पायरीवर पोराचा हात धरून उभा होतो तेव्हा कळलं की हे सगळं कसं बांधून ठेवलेलं आहे. मार खाल्ल्याचा पुरावा हवा असेल तर मारणाऱ्याच्या दारातून जावं लागतं.

आता सोमवार. म्हणजे कालचा दिवस. याच्यावर मी बोलणार आहे आणि भरपूर बोलणार आहे.

अर्ज टाइप करून दोन प्रती घेऊन ठाण्यात गेलो. संध्याकाळचे पाच. ठाणे अंमलदार माझ्या मुलाच्या वयाचा. मी छप्पन्न वर्षांचा आहे, केस पांढरे आहेत. पहिलं वाक्य, ‘तू कोण त्याचा?’ तू! मला या अरे-तुरेची मनापासून चीड आहे, आजची नाही, कॉलेजपासूनची. खाकी घातली की समोरचा प्रत्येक माणूस ‘तू’ होतो, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात? पाठीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ लिहिलेलं. त्याच्या खाली बसून हा माणूस मला तू म्हणतो, आणि मी त्याला साहेब म्हणतो, कारण पोरगा माझ्या शेजारी उभा आहे आणि मला भीती वाटते. हो, भीती वाटते. ती लपवण्यात अर्थ नाही.

अर्ज वाचला. बोट ठेवून वाचला. मग म्हणाला, ‘मारहाण काढा. बाचाबाची लिहा.’ मी म्हटलं, बाचाबाचीने कानाचा पडदा फाटत नाही. ‘मग साहेबांना भेटा.’ साहेब कुठे? राउंडला. कधी येतील? सांगता येत नाही. बसलो. अडीच तास बसलो. त्या अडीच तासांत एक कॉलेजची मुलगी हरवलेल्या मोबाइलचा दाखला घेऊन गेली, एक रिक्षावाला परवान्याचा कागद घेऊन गेला. दोघांच्या कागदांवर त्या टेबलावरचा शिक्का धाडकन बसला. मी डोळ्यांनी पाहिला.

साडेसातला उठून म्हटलं, साहेब येऊ देत, न येऊ देत, तुम्ही अर्ज घ्या आणि या दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. ‘अर्ज ठेवून जा.’ ठेवतो, पोच द्या. ‘पोच कशाला? विश्वास नाही का पोलिसांवर?’ विश्वासाचा प्रश्न नाही, पोच द्या. ‘शिक्का आत कपाटात आहे, चावी कारकुनाकडे, तो गेला घरी.’ शिक्का त्याच्या कोपराजवळ होता. मी बोट दाखवलं. त्याने तो शिक्का उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिला.

हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. थप्पड अंधारात, रागात मारली असेल. हे उजेडात, शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून केलं. ‘तुझ्या कागदाची काय किंमत आहे बघ’ असं तोंडाने बोलायचीही गरज पडली नाही.

अर्जात मी लिहिलं होतं की शनिवारी रात्री बारा ते पहाटे चारचं फुटेज जपून ठेवावं. त्यावर उत्तर, ‘पावसात कॅमेरे बंद पडलेत.’ २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलंय, प्रत्येक ठाण्यात कॅमेरे. दारात, कोठडीत, व्हरांड्यात, अंमलदाराच्या खोलीत, निरीक्षकाच्या खोलीत. आवाजासकट. रात्री दिसेल असे. रेकॉर्डिंग दीड वर्ष सांभाळायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तरी निदान एक वर्ष. आणि दारात फलक लावायचा की इथे चित्रण होतं, त्रास झाला तर तक्रार करायचा तुम्हाला अधिकार आहे. आमच्या ठाण्याच्या दारात वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाला स्वतःहून हा विषय पुन्हा घ्यावा लागला, कारण वर्तमानपत्रात आलं की राजस्थानात आठ महिन्यांत अकरा माणसं पोलीस कोठडीत मेली. पाच वर्षांनी न्यायालय पुन्हा विचारतं की कॅमेरे चालतात का. पाऊस कॅमेऱ्यांवर पडतो, वायरलेसवर पडत नाही, पावती फाडायच्या मशीनवर पडत नाही.

नावाची पट्टीही तशीच. डी. के. बसू खटल्याचा निकाल १९९६ चा. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा कागद झाला पाहिजे, त्यावर साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवलं पाहिजे. माझा पुतण्या जन्मायच्या कितीतरी आधी हे सांगून झालंय! आणि दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यायलाच हवी हे ललिताकुमारी खटल्यात २०१३ ला सांगून झालंय. फिर्याद तर सोडाच, मी साधी पोच मागत होतो.

नाव नाही, चित्रण नाही, नोंद नाही, पोच नाही. उद्या कोणी चौकशी केलीच तर त्या रात्री काही घडलंच नव्हतं.

घरी आलो आणि वाटलं, आपण कोण लागून गेलो? परभणीच्या त्या आईचं काय झालं आठवा. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी. डिसेंबर २०२४ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनाचा अहवाल म्हणाला, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, मारहाण झाली नाही. आईला गुन्हा नोंदवून घेण्यासाठी औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवा म्हणून आदेश दिला, तर सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं! नुसता गुन्हा नोंदवायचा आदेश होता, शिक्षेचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला सरकारला परत पाठवलं. मुलगा गेल्यावर साडेसात महिने, कशासाठी? एका एफआयआरसाठी. ज्या राज्यात ही गत, तिथे माझ्या ड्रॉवरमधल्या शिक्क्याची कोण दखल घेणार?

परभणीचाच ख्वाजा युनूस. सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, घाटकोपर स्फोटाच्या तपासात उचलला, जानेवारी २००३ पासून त्याचा पत्ता नाही. पोलीस म्हणाले पळून गेला. त्यात आरोपी असलेले चार पोलीस निलंबित झाले आणि २०२० मध्ये, कोविडचं निमित्त सांगून, पुन्हा कामावर घेतले गेले. त्यांतला एक पुढच्याच वर्षी मुंबईतल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात अटकेत. सांगलीत २०१७ ला कोठडीत पोरगा मारला आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं. ते वाचलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आणि त्याही मागे जा. १९७२, देसाईगंज ठाणे. एक आदिवासी मुलगी, ठाण्याच्या आवारात दोन पोलीस. सर्वोच्च न्यायालयाने ते दोघे सोडले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. गडचिरोलीच्या त्या मुलीपासून आजपर्यंत ठाण्याचं दार तेच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे घ्या. २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात १,८८८ माणसं पोलीस कोठडीत मेली. शिक्षा किती पोलिसांना? २६.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. आजतागायत त्याला मंजुरी नाही, स्वतंत्र कायदा नाही. प्रकाश सिंह खटल्यात २००६ ला पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणं नेमा म्हणून आदेश झाला, अगदी जिल्हा पातळीपर्यंत. आपल्याकडे २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली. माझ्या जिल्ह्यात त्या नावाची पाटी मला कुठे दिसलेली नाही. मग चौकशी कोण करणार? त्याच ठाण्याचे साहेब, जे राउंडला आहेत.

आणि आता ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे त्यांच्याकडे येतो. आपण. आपले शेजारी. सोसायटीच्या ग्रुपवर मी काल लिहिलं, तर पहिलं उत्तर आलं, ‘काहीतरी केलं असेल, उगाच कोण मारतं?’ हाच माणूस आरोपींची धिंड काढल्याचे रील टाकतो, ‘माज उतरवला’ म्हणून खाली टाळ्या. लॉकडाउनमध्ये दूध आणायला गेलेल्यांना उठाबशा काढायला लावल्या तेव्हाही हसत होता. बदलापूर आठवतंय ना? ऑगस्ट २०२४. दोन चिमुरड्यांवर अत्याचार, आणि आईला तक्रारीसाठी तासन्‌तास ठाण्यात बसवून ठेवलं. लोक रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. महिन्याभराने आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला, तोपर्यंत फलक लावणारे विसरून गेले होते. त्या मुलींना भर न्यायालयात मिळायला हवा होता तो न्याय गेला. त्या आईला ताटकळत ठेवणारं ठाणं आणि व्हॅनमधली गोळी यांच्यामध्ये किती अंतर आहे? मला तर दोन्हीकडे एकच दिसतं, आम्हाला विचारणारं कोणी नाही. ते तुम्ही टाळ्या वाजवून त्यांना शिकवलंत. ती टाळी माझ्या पुतण्याच्या कानावर बसली.

पोलिसांचे हाल मला माहीत नाहीत असं नाही. माझा शाळेतला मित्र हवालदार होऊन रिटायर झाला. गणपतीच्या बंदोबस्तात अठरा अठरा तास उभा राहायचा, क्वार्टरच्या भिंती गळायच्या, मुलीच्या लग्नाला चार दिवस रजा मिळेना. त्याच्यासाठी मी भांडायला तयार आहे, आजही. पण रजा न देणारा साहेब वरच्या मजल्यावर बसलाय, आणि मार खाल्ला दुसऱ्या पाळीवरून आलेल्या पोराने. हा हिशेब मला मान्य नाही.

काल ठाण्यातून बाहेर पडताना व्हरांड्यात एक महिला कॉन्स्टेबल उभी होती. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, ‘काका, एसपी ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवा. पावती तरी हातात राहील.’ तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, स्वच्छ दिसत होती. मी नाव वाचलं आणि इथे लिहिणार नाही, तिला त्रास होईल. चांगलं वागल्याचा त्रास होईल म्हणून नाव लपवायचं, आणि मारणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊकच नाही.

आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीने लिफाफा वजनकाट्यावर ठेवला, पैसे घेतले, पावती दिली. मी दुसरी प्रत पुढे केली आणि विचारलं, यावरही तारखेचा शिक्का माराल का? तिने मारला. एक सेकंद लागला. मला तिथे रडू आलं, ती घाबरली, पाणी देऊ का म्हणाली.

पुतण्या म्हणतो, ‘काका, जाऊ द्या ना. परत त्याच चौकातून यायचंय मला.’ कालपासून तो लांबच्या रस्त्याने येतोय, सहा किलोमीटर जास्त. वहिनी रात्री एकपर्यंत गॅलरीत उभी असते. आणि कोणी हाक मारली की पोरगा आता मान वळवून उजवा कान पुढे करतो. तीन दिवसांत सवय लागलीसुद्धा.

लिफाफ्याचा क्रमांक मी सकाळपासून दहा वेळा तपासलाय. पोहोचला की त्याची प्रिंट काढून पुन्हा त्याच टेबलासमोर जाऊन उभा राहणार आहे, दोन प्रती घेऊन.