टॉर्चच्या उजेडाने चष्म्याचा नंबर उतरत नाही

साताऱ्यातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. रोज पहाटे मोबाइलचा टॉर्च डोळ्यांसमोर वीस वेळा चालू-बंद केल्यास बाहुलीचा स्नायू बळकट होतो, चष्म्याचा नंबर उतरतो आणि रात्री स्वच्छ दिसते. दोन बाहुल्या लहानमोठ्या आढळल्या तर मेंदूत गाठ असते, असे त्यात म्हटले आहे. यांतील एकही विधान टिकत नाही.

उजेड दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर, पडला की संदेश मध्यमेंदूकडे जातो आणि तेथून आलेल्या आज्ञेने, सुमारे पाव सेकंदात, बुबुळातील वर्तुळाकार स्नायू आकसू लागतो आणि बाहुली लहान होते. घरातून उन्हात जाताना हे दिवसभर आपोआप घडतच असते. त्यासाठी वेगळ्या व्यायामाची गरज नाही.

चष्म्याचा नंबर ठरतो तो नेत्रगोलाच्या लांबीवर आणि पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व भिंग यांच्या वक्रतेवर. तरीही अनेकांना फरक जाणवतो, हे मी नाकारत नाही. प्रखर उजेडात बाहुली लहान होते आणि डोळे किलकिले करून एसटीची पाटी वाचावी तसे काही काळ थोडे स्पष्ट दिसते. उजेड सरला की तो लाभही सरतो.

रात्री दिसण्याबाबतचा दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. बाहुलीचा व्यास प्रखर उन्हात सुमारे 2 मिलिमीटर आणि अंधारात तरुणपणी फार तर 8 मिलिमीटर असतो. म्हणजे आत येणारा प्रकाश जास्तीत जास्त 16 पट वाढतो. भर दुपारचे ऊन आणि चांदण्यांचा उजेड यांतील तफावत मात्र कोट्यवधी पटींची आहे. ती भरून काढते दृष्टिपटल, ज्यातील दंडपेशींमधले (मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमधले) प्रकाशसंवेदी द्रव्य अंधारात पुन्हा तयार होण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. टॉर्चचा झोत हे द्रव्य क्षणात खर्ची घालतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्यावर डोळ्यांपुढे जो अंधार येतो, त्याचेही कारण अशक्त स्नायू हे नव्हे. बाहुली आकसते चटकन, पण विस्तारते सावकाश, आणि दृष्टिपटलाला त्याहूनही वेळ लागतो.

बाहुल्यांमधील फरकाविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते निरोगी माणसाला विनाकारण घाबरवते. साधारण पाचांपैकी एका निरोगी व्यक्तीच्या बाहुल्यांत किंचित फरक असतो, आणि बहुधा तो जुन्या छायाचित्रांतही दिसतो. डोक्याला मार लागल्यानंतर, किंवा तीव्र डोकेदुखी, पापणी खाली येणे अथवा दुहेरी दिसणे यांसह हा फरक अचानक उद्भवला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.