रेडिएशन चालू असताना पाणी लावायचे नाही, हे कोणी सांगितले?

स्तनाच्या कर्करोगासाठी माझ्या मावशीचे रेडिएशन चालू आहे. ‘रेडिएशन घेणाऱ्यांनी हे पाळाच’ असा एक संदेश तिच्या फोनवर आला आणि त्या दिवसापासून तिने त्या बाजूला पाणी लावणेच सोडून दिले. उपचार संपेपर्यंत त्या जागेला पाणी लावू नये, लहान मुलांना रुग्णाजवळ येऊ देऊ नये, दिवसभर पडून राहावे आणि त्रास झाला तरी सिस्टरना सांगू नये, नाहीतर उपचार थांबवतील, असे त्यात ठामपणे लिहिले आहे.

पहिल्या सूचनेने सर्वाधिक नुकसान होते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत घाम, मलमाचे जुने थर आणि सुटलेले पापुद्रे साचून राहिले, की आधीच नाजूक झालेली कातडी ओली राहते, चिघळते आणि तिथे जंतुसंसर्गाला वाव मिळतो. कॅनडात स्तनाचे रेडिएशन घेणाऱ्या ९९ स्त्रियांची याच प्रश्नावर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले: न धुणाऱ्या गटात ३३ टक्के स्त्रियांची त्वचा ओलसर होऊन सोलवटली, तर सौम्य साबणाने धुणाऱ्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. कोमट पाणी हाताने हळुवार घ्यावे आणि मऊ पंचाने न चोळता टिपून घ्यावे, एवढीच काळजी पुरते. किरणे नेमक्या जागी पडावीत म्हणून अंगावर काढलेल्या शाईच्या खुणा घासून काढू नयेत, कढत पाणी, गरम शेक आणि बर्फ टाळावा, ही खबरदारी मात्र खरी आहे, आणि बहुधा तिचाच विपर्यास होऊन हा संदेश तयार झाला असावा.

मुलांबाबतची भीती बाहेरून यंत्राने दिल्या जाणाऱ्या उपचारात निराधार आहे, कारण यंत्र बंद झाले की शरीरात किरणोत्सर्ग उरत नाही. किरणोत्सर्गी आयोडीन दिले असेल किंवा शरीरात किरणोत्सर्गी कण कायमचे बसवले असतील, तर काही काळ अंतर पाळावे लागते, एवढे मान्य करायला हवे, पण त्याच्या लेखी सूचना रुग्णालयच देते. पडून राहण्याचे म्हणाल, तर थकवा खराच असतो, पण झेपेल तेवढे चालण्याने तो कमी होतो.

त्रास लपवण्याचा सल्ला तर संतापजनक आहे. डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड आतून सोलवटते. रुग्णाने ते सांगितलेच नाही, तर खाणेपिणे तुटते, वजन उतरते, शरीरातले पाणी कमी होते आणि ज्या खंडाला घाबरून तो गप्प बसला तोच खंड उपचारात पडतो. वेळेत कळले, तर सिस्टर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या, वेदनाशामक आणि आहारातले बदल यांची व्यवस्था लावू शकतात. शिवाय त्वचेचा त्रास उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो, म्हणून कातडी ओलसर झाली, ताप आला किंवा पाणीही गिळवेना, तर शेवटची फेरी होऊन गेली असली तरी त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे.