पाट मांडून ठेवलेला स्वल्पविराम

काल रात्री ‘जेसन’ या माहिती लिहून ठेवायच्या पद्धतीतल्या एका फाईलमध्ये शेवटच्या नोंदीनंतर माझ्या हातून एक जादा स्वल्पविराम पडला आणि सर्व्हर उठलाच नाही, एवढीच मूळ हकिगत. ‘अनुभवी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती,’ असा साहेबांचा निरोप सकाळी आला. तेव्हा शहाणे होऊन, जलद लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी ‘गो’ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका यादीतलाही शेवटचा स्वल्पविराम खोडला. बंद होणारा कंस पुढच्या ओळीवर असेल तर ‘गो’मध्ये तोच स्वल्पविराम सक्तीचा असतो, हे कम्पायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याने, मला ठाण्याच्या आत ऐकवले.

शेजारचे काका बराच वेळ पडद्यात डोके घालून बसले होते. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून हयात गेली, असे त्यांनी न विचारता सांगितले.

“पुढे काही नाही, मग स्वल्पविराम कशाला?”

“उद्या कोणी खाली ओळ वाढवली, तर वरच्या ओळीला हात लावावा लागत नाही. बदल एकाच ओळीचा दिसतो.”

“म्हणजे येणाऱ्या पाहुण्यासाठी आधीच पाट मांडून ठेवायचा. छान. मग काल काय बिघडले?”

“काल पाट मांडला म्हणून बिघडले.”

“आणि आज?”

“आज उचलला म्हणून.”

काकांनी चष्मा काढून पुसला. समोरच्या बाकावरच्या दोघांनी आपले बोलणे थांबवले.

“आमच्याकडे एकच जागा होती,” काका म्हणाले. “पत्राच्या शेवटी ‘आपला नम्र,’ आणि खाली सही. सही नसेल, तर मी मजकूर परत पाठवीत असे. तुमच्याकडे नियम कोण ठरवतो?”

ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा तो, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? जेसन ज्या जावास्क्रिप्ट भाषेच्या पोटी जन्मले, तिने याद्यांमध्ये असा स्वल्पविराम पूर्वीपासून खपवून घेतला, 2009 साली ऑब्जेक्टमध्ये आणि 2017 साली फंक्शनच्या कंसातही त्याला रीतसर जागा दिली. लेकराला मात्र तो अजून विटाळ. पायथन तर याहून आतल्या गाठीचे. एकट्या पाचाच्या पुढे चुकून स्वल्पविराम पडला, तर ते तक्रार न करता त्या पाचाचे ट्युपल, म्हणजे एकाच घटकाची यादी, करते आणि चूक भलत्याच ओळीवर, भलत्याच वेळी उगवते. दिवसातून चार भाषांत उठबस करणाऱ्याच्या बोटांनी हे लक्षात ठेवायचे, आणि विसरले की अनुभव काढायचा तो माझा!

दादरला उतरताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वनाला जाऊन आल्यावर ठेवतात, तसा.

संध्याकाळी साहेबांना खुलाशाचा मेल लिहिला. शेवटी ‘आपला नम्र,’ असे टंकले आणि खाली नाव घातले नाही.