दहा मिनिटं थांबायला काय होतं?

पार्क चौकातला कट्टा. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, सोलापूरचं नेहमीचंच. विषय निघाला 27 मे 2020चा. स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या ड्रॅगन यानात दोघं अंतराळवीर पट्टे बांधून बसलेले, इंधन भरणं चालू, अन् सतरा मिनिटं उरली असताना हवेमुळं उड्डाण रद्द.

"एवढं मोठं रॉकेट अन् ढगाला घाबरतं व्हय बे?" मल्लू.

"ढगाला नाही, त्यातल्या विजेच्या भाराला," व्यंकटेश म्हणाला. "शून्याखालच्या ढगात बर्फाचे कण अन् गारा एकमेकांवर घासतात, भार साठतो. आपोआप वीज पडण्याइतका नसला तरी तिथं रॉकेट घुसलं की धातूचा सांगाडा अन् मागची लांबच लांब तापलेली ज्वाळा, दोन्ही मिळून तार होते. वीज पडत नाही, आपण पाडतो."

2018-19 ला सोलापुरावर कृत्रिम पावसाच्या प्रयोगाची विमानं ढगात शिरून थेंब मोजत होती, असं शफीकनं मध्येच घातलं.

उदाहरणं व्यंकटेशकडं तयार होती. चंद्रावर निघालेलं अपोलो 12, 14 नोव्हेंबर 1969: उड्डाणानंतर साडेछत्तिसाव्या सेकंदाला एक झटका, बावन्नाव्याला दुसरा. यानाला वीज पुरवणारे फ्युएल सेल सुटले, पण रॉकेटचा स्वतःचा संगणक शाबूत होता म्हणून निभावलं. 26 मार्च 1987 ला अॅटलस-सेंटॉरचं नशीब तेवढं नव्हतं. विजेनं संगणकाच्या स्मृतीतला मजकूर बदलला, रॉकेट भलतीकडं वळलं अन् मोडलं. आत माणूस नव्हता, एवढंच.

म्हणून आता 10 सागरी मैलांत, म्हणजे साडेअठरा किलोमीटर, इथून होटगीच्या पलीकडंपर्यंत, वीज चमकली की अर्धा तास थांबायचं. जमिनीवरच्या यंत्रांनी 5 सागरी मैलांत हवेतलं विद्युत क्षेत्र मीटरला 1500 व्होल्टच्या वर दाखवलं, तर 15 मिनिटं.

"मग थांबायचं की! दहा मिनिटं थांबायला काय होतं?"

"ड्रॅगनला वर नेणाऱ्या फाल्कन रॉकेटमधला ऑक्सिजन उकळबिंदूच्याही बराच खाली गार करून भरतात, शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात. थांबलं की तापतो, फुगतो, टाकीत कमी मावतो. वर तिकडं अंतराळ स्थानकाची कक्षा, तिथंच जायचं. दहा मिनिटांत पृथ्वी अडीच अंश फिरते, कक्षा जागेवरच. जुन्या अमेरिकन स्पेस शटलला काही मिनिटांची सवड असायची, फाल्कनला बहुधा तीही नाही."

शफीकला पटेना. "रशियाचं सोयुझ बर्फात उडतं. 2019 मध्ये एका सोयुझवर वीज पडली, तरी उपग्रह कक्षेत गेला. अमेरिकन लोक उगं लाड करतेत."

यावर व्यंकटेश जरा अडला. सोयुझ दणकट आहे, हे खरंच. पण मग म्हणाला, "ऑक्टोबर 2018 ला सोयुझ बिघडलं, तेव्हा माणसं कुठं उतरली? कझाकस्तानच्या माळावर. ड्रॅगनच्या वाटेखाली अख्खा अटलांटिक. पन्नासहून जास्त ठिकाणचा वारा अन् लाटा बघतात, कुठंही सुटका करून घ्यावी लागली तर माणसांची कुपी (कॅप्सूल) नीट पडावी म्हणून. फ्लोरिडात लख्ख ऊन, अन् उड्डाण रद्द आयर्लंडकडच्या लाटांमुळं, असंही होऊ शकतं."

"अन् आपलं गगनयान?"

"श्रीहरिकोटा. खाली बंगालचा उपसागर. 21 ऑक्टोबर 2023 च्या चाचणीत सुटका बरोबर झाली, पॅराशूट उघडले, पण कुपी खवळलेल्या पाण्यात उलटी तरंगत होती. नौदलानं काढली."

"आत माणूस असता तर?"

"पट्ट्याला लटकत राहिला असता," शफीक म्हणाला, "हवेच्या पिशव्या फुगून कुपी सरळ होईपर्यंत. त्यात लाट केवढी, हे आधी बघायला नको व्हय?"

मल्लूनं चहा सांगितला. आभाळ अजून तसंच.