‘शाळाबाह्य’ या एकाच रकान्यात

साताऱ्यातील माझ्या मामेबहिणीने यंदा जूनमध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव शाळेतून काढले आणि त्याने काय व कसे शिकायचे हे यापुढे त्याच्या कलाने ठरेल, असे घरात सांगितले. तेव्हापासून मामा तिच्याशी धड बोलत नाहीत. मी अकरा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो; ‘तिकडे हे चालते ना?’ असे दोघांनीही मला वेगवेगळे विचारले.

चालते. तेथील १९९६ च्या शिक्षण कायद्याने मुलाचे वय, कुवत आणि कल पाहून त्याला साजेसे पूर्णवेळ शिक्षण मिळवून देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले असून, ते ‘शाळेत नियमित पाठवून किंवा अन्य प्रकारे’ पार पाडण्याची मुभा दिली आहे. परीक्षेची फी घरी शिकवणाऱ्या पालकांना स्वतः भरावी लागते. शिक्षण होत नसल्याचे दिसले तर स्थानिक प्रशासन मुलाला शाळेत घालण्याचा आदेश काढू शकते. एवढेही अपुरे वाटल्यामुळे शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांची सक्तीची नोंदवही ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडले गेले.

आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ‘अन्य प्रकारे’ हे शब्दच नाहीत. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे. न घातल्यास शिक्षा मात्र नाही. त्यामुळे पुस्तकांनी भरलेल्या घरात, शिकलेल्या आईच्या देखरेखीखाली वाढणारा माझा भाचा आणि उसाच्या फडावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणारी ऊसतोड मजुराची मुलगी, ही दोघेही ‘शाळाबाह्य’ याच एका रकान्यात जातात. त्याच्यासाठी शाळा सोडणे ही निवड आहे. तिच्या हातून शाळा सुटली आहे. त्याला पुढे शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांसाठी असलेला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येईल, पण तिला त्या फॉर्मविषयी सांगणार कोण?

मामांचा राग मला म्हणूनच समजतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ते शाळा दुर्मीळ होती म्हणून. बहीण भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा दाखला देते, आणि पुस्तकाबाहेरचे, हातांनी करायचे शिक्षण त्यात होते हे खरेच आहे. परंतु त्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. आई कितीही हुशार असली तरी हे तिला एकटीला घरात देता येणार नाही, आणि तिच्या बेतात मला जाणवलेली खरी उणीव हीच आहे.

तरीही तिला अडवावे असे मला वाटत नाही. घरी शिकणाऱ्या मुलांची वेगळी नोंद व्हावी आणि वर्षातून एकदा शिक्षण खात्याच्या माणसाने त्यांना भेटावे, हे कायद्यात यायला हवे. फक्त त्या माणसाने आधी फडावर जावे आणि मग माझ्या बहिणीच्या घरी.