केटल मोरेन: टेकडीच्या माथ्यावर नदी कशी वाहिली?

नमस्कार,

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या केटल मोरेन टेकड्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतक्या बारकाईनं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. एक, या टेकड्यांच्या पोटात गोल गोटे आणि वाळूचे सरळ थर दिसतात, ओरखडे पडलेले दगड दिसत नाहीत, म्हणजे हे नदीचं काम आहे, बर्फाचं नाही. दोन, खाली डोलोमाइट हा चुनखडकासारखा खडक आहे, म्हणून तिथले खळगे चुनखडीच्या प्रदेशात जमीन खचून होतात तसलेच असावेत. तीन, मी एकदा ‘अंत्य हिमोढ’ (बर्फाच्या टोकाशी साचलेला दगडमातीचा ढीग) लिहिलं आणि पुढे ‘दोन हिमजिव्हांमधला’ (हिमचादरीच्या पुढे सरकलेल्या दोन जिभांमधला) लिहिलं, यातलं खरं कोणतं? आणि शेवटी, महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पडताळून पाहायची सोय नाही, त्यानं नुसता विश्वास ठेवायचा का?

आधी माझी चूक. ‘बर्फानं ढकलून रचलेल्या टेकड्या’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चुकीचं आहे आणि आज मी ते काढलं आहे. केटल मोरेनचा बराचसा भाग पाण्यानंच वाहून आणलेल्या वाळूगोट्यांचा आहे, तिथे तुमचं निरीक्षण अचूक आहे. प्रश्न एवढाच, की ते पाणी कुठून आलं आणि कशाच्या आधारानं तिथून वाहिलं.

नकाशा समोर घ्या. वॉलवर्थ काउंटीपासून ईशान्येला केवॉनी काउंटीपर्यंत दीडशे किलोमीटरहून लांब असा हा उंचवटा आहे. त्याच्या पूर्वेला मिशिगन सरोवराचं खोरं, पश्चिमेला ग्रीन बेचा सखल पट्टा. दोन्हींच्या मधे नायगारा कडा म्हणतात त्या खडकाच्या धारेचा टणक डोलोमाइट. उत्तरेकडून आलेली लॉरेंटाइड नावाची प्रचंड हिमचादर या कड्यापाशी दुभंगली आणि तिच्या दोन जिभा दोन बाजूंच्या मऊ खडकाच्या सखल भागांतून दक्षिणेला सरकल्या. पुढे त्या दोन्ही फुगून एकमेकींना भिडल्या. हा काळ साधारण 25,000 ते 15,000 वर्षांपूर्वीचा.

आता यातली कळीची गोष्ट. प्रत्येक जिभेचा पृष्ठभाग कडेकडे उतरता असतो. दोन उतार जिथे भेटतात तिथे पन्हळ तयार होते, आणि हवामान उबदार होऊ लागल्यावर दोन्हीकडचं वितळपाणी त्याच पन्हळीत उतरतं. म्हणजे नदी होती, जोरदार होती, पण तिचे दोन्ही काठ बर्फाचे होते. त्या पात्रात वाळू-गोटे साठत गेले. मग काठच वितळून गेले आणि पात्राचा गाळ उघड्यावर उंच राहिला. स्लॅब ओतताना सेंट्रिंगच्या फळ्या लावतात ना, तसं समजा. फरक इतकाच, की इथला माल आळलेला नव्हता. फळ्या निघाल्या आणि कडा ढासळल्या, म्हणून आज या टेकड्यांचे उतार असे विस्कटलेले, गाठीगाठींचे दिसतात.

नुसत्या नदीनं हे का होणार नाही? कारण गोट्यांचे थर आहेत ते टेकडीच्या माथ्याशी, आजूबाजूच्या शेतजमिनीहून कितीतरी उंच. नदी सखल वाट सोडून धारेवरून वाहत नाही. पार्नेलचा एस्कर पाहा: सुमारे 6 किलोमीटर लांब, जास्तीत जास्त 10 मीटरभर उंच, वळणं घेत गेलेला वाळूगोट्यांचा बांध. बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचं ते भरलेलं पात्र आहे. डंडी माउंटन नावाची शंकूसारखी टेकडी 80 मीटरच्या आसपास उंच आहे. बर्फातल्या उभ्या विवरातून पाणी खाली पडत राहिलं, त्याबरोबर आलेला गाळ तळाशी साचत गेला आणि त्याचा ढीग झाला. अशा ढिगाला केम म्हणतात.

तुम्ही थर ‘सरळ’ म्हणालात. वाळूगोट्यांची खाण नीट उघडी केली तर ते तितके सरळ राहत नाहीत. या भागात अशा खाणी भरपूर आहेत, पण त्या खासगी असतात, त्यामुळे मालकाची परवानगी आधी. कड्याच्या पायथ्याशी खणायचं नाही आणि कड्याच्या उंचीइतकं अंतर ठेवूनच आधी सगळं पाहून घ्यायचं, कारण सुटा गोटा इशारा न देता कोसळतो. सुरक्षित, बुटका भाग निवडून मीटरभर रुंदीची पट्टी फावड्यानं वरून खाली खरवडा. वरचा घसरलेला थर काढला नाही तर खालचं काहीच खरं दिसत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. स्वच्छ पट्टीत तीन गोष्टी पाहा. चपटे गोटे एकमेकांवर रेललेले असतात आणि ज्या दिशेनं पाणी आलं त्या दिशेला त्यांचा उतार असतो. डोक्याएवढ्या धोंड्यांवर लगेच बारीक वाळू आणि पुन्हा धोंडे, अशी झटक्यानं होणारी अदलाबदल असते, कारण वितळपाणी दुपारी फुगतं, पहाटे आटतं, आणि हिवाळ्यात जवळपास थांबतं. आणि खळग्याच्या बाजूला गेलात की तेच थर पायऱ्यापायऱ्यांनी तुटून खाली उतरलेले दिसतात. ही तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची.

दगडांची मोजणीही करा. 2 ते 6 सेंटिमीटरचे 100 गोटे, डोळे मिटून उचललेले. निवडून उचलले तर रंगीत, चकचकीत दगडच हातात येतात आणि आकडा बिघडतो. बहुतेक गोटे तिथल्याच डोलोमाइटचे निघतील. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर डोलोमाइट फारसा फसफसत नाही. चाकूनं खरवडून भुकटी केली की फसफसतो, चुनखडक मात्र लगेच. उरलेल्यांत ग्रॅनाइट, बेसॉल्ट, क्वार्टझाइट सापडतील, आणि त्यांतले कितीतरी दूर उत्तरेकडून आलेले असतात. ईगल या गावात 1876 मध्ये विहीर खणताना 15 कॅरटहून मोठा हिरा निघाला, तोही असाच हिमगाळातून. (1964 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून तो चोरीला गेला आणि पुन्हा मिळाला नाही, याची हळहळ अजून वाटते.)

ओरखडे का नाहीत? कारण ते फार नाजूक असतात. बर्फाच्या तळाशी अडकलेला दगड खडकावर घासला की ओरखडे पडतात, पण तोच दगड वितळपाण्यात सापडून काही किलोमीटर गडगडला की ते पुसले जातात. तेव्हा ओरखडे शोधायचे ते गोट्यांच्या थरात नाही, पश्चिमेला कॅम्बेल्सपोर्ट गावाच्या बाजूच्या हिमोढगिरींमध्ये, म्हणजे बर्फाखाली घडलेल्या लांबट टेकड्यांमध्ये. तिथे माती, वाळू, खडे, धोंडे सगळं एकत्र मिसळलेलं, थर न पडलेलं सापडतं. पाण्यानं निवड केली की दगड आकारांनुसार वेगळे होतात, बर्फ निवड करत नाही.

आता खळगे. त्यांना ‘केटल’ हे इंग्रजी नाव पडलं ते पोटॅश करण्याच्या मोठ्या भांड्यांवरून. राखेचं पाणी आटवायच्या त्या भांड्यांना आपण काहीलच म्हटलं असतं, आणि खळग्यांचा आकारही काहिलीसारखाच आहे. भूवैज्ञानिक चार्ल्स व्हिटलसी यांनी 1860 मध्ये त्याचं कारण मांडलं: गाळात गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे नंतर वितळले आणि वरचा गाळ खाली बसला. तुमची शंका रास्त आहे, कारण डोलोमाइटमध्ये खचखळगे होतातच. विस्कॉन्सिनमध्येच ते पाहायचे तर डोअर द्वीपकल्पावर जा. तिथे खडकावर मातीचा जेमतेम थर आहे आणि भेगा वरपर्यंत पोचतात. केटल मोरेनमध्ये मात्र खडकावर काही ठिकाणी 60 मीटरहून जास्त गाळ आहे. खोल खडकातली पोकळी इतक्या सुट्या गाळातून वर काहिलीएवढा खळगा पाडेल, तेही नेमका या उंचवट्यावर गर्दी करून, हे पटण्यासारखं नाही. शिवाय ते पायऱ्यांसारखे तुटलेले थर आहेतच.

बर्फ लगेच का वितळला नाही, हेही विचारलं होतंत. उन्हाळ्याची ऊब जमिनीत जितकी खोल पोचते त्याहून जाड गाळ वर असेल तर खालचा बर्फ पुष्कळ काळ टिकतो. नदीचा गाळ आधी साचून पृष्ठभाग सपाट झाला, खळगे पुढे सावकाश पडत गेले. काही कोरडे राहिले, काहींत दलदल झाली, काही भूजलपातळीखाली गेले आणि तळी झाली. एल्कहार्ट तळं अशांपैकीच, 35 मीटरच्या आसपास खोल. नकाशावर खळगे ओळखायचे तर समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांना आतल्या बाजूला बारीक दाते आहेत का ते पाहा. 10 फूट अंतराच्या रेषांचा नकाशा असेल तर त्याहून उथळ खळगे त्यात दिसतच नाहीत, म्हणून ‘नकाशात नाही’ यावरून निष्कर्ष काढू नका.

नावाबद्दल: ‘अंत्य’ हा शब्द मी चुकीचा वापरला. आपल्या पाठ्यपुस्तकातला ‘मध्य हिमोढ’ही इथे चालत नाही. तो दोन डोंगरी हिमनद्या मिळून एक झाल्यावर त्यांच्या पाठीवरून वाहत जातो. इथे दोन जिभा समोरासमोर आल्या आणि मधल्या पन्हळीत गाळ साचला. ‘जिव्हांतर्गत’ म्हटलं तर जिभेच्या आतला असा अर्थ होतो, म्हणून लेखात आता ‘दोन हिमजिव्हांमधला हिमोढ’ असंच ठेवलं आहे. भूवैज्ञानिक टी. सी. चेंबरलिन यांनी 1870 च्या दशकात ही रेषा दूरवर माग काढत मांडली तेव्हा त्यांचाही मुद्दा जिभांचाच होता.

तुमचा ‘नदीनं कोरलं’ हा विचार त्याच राज्याच्या नैर्ऋत्येला तंतोतंत बरोबर ठरतो. तिथल्या प्रदेशावर हिमचादर पोचलीच नाही. हिमगाळ नाही, नैसर्गिक तळी जवळपास नाहीत, झाडाच्या फांद्यांसारख्या दऱ्या खडकात कोरलेल्या आहेत. दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवा: एकीकडे प्रत्येक दरीला बाहेर पडायची वाट आहे, दुसरीकडे शेकडो खळग्यांना ती नाही.

राहिलं पडताळण्याचं. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगा गटाच्या चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर तालचीर नावाच्या खडकगटाचा धोंड्यांचा थर आहे. भूवैज्ञानिक फेडन यांनी 1870 च्या दशकात त्याची नोंद केली. ती हिमचादर सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीची, विस्कॉन्सिनच्या बर्फाशी तिचा संबंध नाही, पण खुणा त्याच. बारीक मातकट खडकात लहानमोठे दगड विखुरलेले दिसतील. काही दगडांच्या बाजू इस्त्रीच्या तळासारख्या सपाट घासलेल्या असतील. सकाळी किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं असताना ओरखडे उठून दिसतात, दुपारी दिसत नाहीत. नांगराचे किंवा यंत्राचे ओरखडे ताजे, पांढुरके आणि कडेला फुटलेले असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. होकायंत्रानं दिशा नोंदवा, पट्टी ठेवून फोटो घ्या, आणि कृपा करून हातोडा मारू नका.